पाचवं कावून

भिलाईतल्या रिसालीत कोणाची गाडी बंद पडली तर ढकलायला एखादा माणूस येतो आणि कारण सांगायला पूर्ण गल्ली येते. गाडीच्या जागी लेकरू असलं तर तो एखादाही येत नाही.

राजकुमार आणि सीमाची उन्नती साडेचार वर्षांची झाली, तरी हाकेला वळून पाहत नव्हती. शेजारच्या घरात कुकर लागला तरी दोन्ही कान दाबून मोरीत जाऊन बसायची. पण छपरावरच्या टिनांवर माकडांची फौज नाचून गेली तरी मान वर करायची नाही. डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवून सोडायची, फरशीला गाल टेकून ते थरथरत आडवं होईपर्यंत बघायची, की पुन्हा फिरवायची. खायची ते पांढरं. भात, दही, मुरमुरे. भातात मोहरीचा एक दाणा दिसला तर ताट सरकवून मोकळी. बाजाराला नेताना पाण्याच्या टाकीकडून नेलं तर शहाण्यासारखी चालायची, दुसऱ्या रस्त्यानं नेलं तर मधोमध आडवी व्हायची, आणि येणारेजाणारे सीमाकडे असं बघायचे, जशी काही पोरगी नाही, आईच रस्त्यात लोळून राहिली आहे.

गल्लीनं कारणं काढली. समोरच्या बेबीताईंचं कारण होतं मोबाईल. बेबीताईंच्या स्वतःच्या घरी टीव्ही आंघोळीच्या आधी लागतो तो अंथरूण घातल्यावरच बंद होतो, पण ते कारणात धरायचं नसतं. राजकुमारच्या शिफ्टमधला हिरालाल म्हणायचा, लसीच्या इंजेक्शनानं होते हे. आपल्या तिन्ही पोरांना मात्र त्यानं रांगेत सगळ्यांच्या पुढं उभं राहून ती इंजेक्शनं टोचवून घेतली होती. सीमाच्या माहेरचे महाराष्ट्रातले, तिरोड्याकडचे. त्यांचं मत पडलं की लोखंडाच्या गावातली हवा लेकराच्या घशात बसली. राजकुमारची आई भागाबाई हिच्याकडे कारण आधीपासूनच तयार होतं. सीमा पोटुशी असताना ग्रहणात तिनं वांगं चिरलं होतं. वांगं कोणी आणून दिलं, आणि संध्याकाळी भाजी कोणाला पाहिजे होती, हा तपशील भागाबाईच्या सांगण्यात यायचा नाही.

कारणाची हीच मजा आहे. ज्याचं त्याचं कारण दुसऱ्याच्या अंगणात पडतं. बेरीज केली तर सगळ्यांत जास्त सीमाच्या अंगणात पडली होती.

राजकुमारचा मात्र असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तो भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमधला माणूस. मिलमध्ये टेक्निशियन, आणि तिथल्या क्वालिटी सर्कलचा, म्हणजे बिघाडाचं मूळ शोधणाऱ्या गटाचा, लीडर. या सर्कलची कीर्ती अशी की रोलर टेबलची एक बेअरिंग सारखी जळायची आणि जो तो नवी बसवून मोकळा व्हायचा. राजकुमारच्या मंडळींनी पद्धतीनं विचारलं. बेअरिंग कावून, म्हणजे का, जळते? ग्रीस पोचत नाही म्हणून. ग्रीस कावून पोचत नाही? नळी चोंदते म्हणून. कावून चोंदते? ग्रीसमध्ये कचरा असतो. कावून असतो? पिंपात पडतो. कावून पडतो? तर पिंप उघडं राहते. पिंपाला झाकण केलं आणि बेअरिंग जळायची थांबली. पाच वेळा ‘कावून’ विचारा, मूळ सापडते. मूळ काढा, मशीन चालते. या कामगिरीचं पदक घरात देव्हाऱ्याशेजारी टांगलेलं आहे आणि उदबत्तीचा धूर देवाला आणि पदकाला सारखाच मिळतो.

बाप म्हणून राजकुमारच्या खात्यात कमी काही नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. ड्यूटीवरून आल्यावर पोरीला आंघोळ घालायचा, तिची नखं काढायचा. नखं काढताना ती असं किंचाळायची की बेबीताई पडदा सरकवून बघायच्या. मग तो पोरीला झोप लागल्यावर बोटाबोटानं नखं काढू लागला. एवढं करणारे बाप त्या गल्लीत दुसरे नव्हते. पण बिघाड आहे म्हणजे कारण आहे, आणि कारण आहे म्हणजे ते काढता येतं, यापलीकडचं जग त्यानं पाहिलंच नव्हतं.

उन्नती बोलत नव्हती असंही नाही. तिच्याजवळ वाक्यं होती, आणि ती सगळी सीमाची होती. तहान लागली की ती सीमाजवळ येऊन, सीमाकडे न बघता, सीमाच्याच हेलात विचारायची, “पानी पायजे का व माय?” पोरीला लाडानं माय म्हणायची रीत आहे, तर ही स्वतःच स्वतःला माय म्हणून विचारायची. भूक लागली की “भूक लागली का व?” झोप आली की “झोप आली काय माह्या चिमणीले?” कधी काळी सीमानं जे जसं विचारलं होतं, ते तसंच्या तसं, शेवटी आवाज वर जातो तोही तसाच. घरी आलेले पाहुणे हसायचे. लेकरू तहानलेलं, आणि पाणी पाहुण्याला विचारतं. सीमा हसायची नाही. ती पाणी द्यायची. तिला त्या बोलण्यात काही चुकीचं आहे असं वाटलंच नव्हतं.

जुनवानीकडच्या ज्या इंग्लिश शाळेत पोरीला घातलं होतं, तिथल्या मॅडमनी मार्चमध्ये दोघांना बोलावून घेतलं. मॅडमचं बोलणं गोड होतं. बच्ची वर्गात बसत नाही, नाव घेतलं तर बघत नाही, बाकीची लेकरं घाबरतात. मग त्यांनी विचारलं, घरात कोणती भाषा? मराठी, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला, जशी हरवलेली किल्ली सापडली. शाळेत इंग्लिश, बाहेर हिंदी, घरी मराठी. बच्ची कन्फ्यूज होणार नाही तर काय? एक भाषा ठेवा. नाहीतर पुढच्या वर्षी आम्ही तिला ठेवू शकणार नाही.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर राजकुमारनं घरातच सर्कलची मीटिंग घेतली. सदस्य तीन, तो, आई आणि बायको. उन्नती झाकण फिरवत होती.

“उन्नती कावून बोलत नाही?” त्यानं सुरुवात केली.

भागाबाई म्हणाली, “बोलते त. पानी मांगते.”

“ते बोलणं नोहे आई. ते पोपटाचं होय. बोलत कावून नाही, ते सांग.”

“मले माहीत असतं त तुह्या पदकाशेजारी माहंबी टांगलं असतं.”

मग त्यानं स्वतःच उत्तरं दिली. बोलत नाही, कारण समजत नाही. समजत नाही, कारण कानावर तीन भाषा पडतात. तीन पडतात, कारण घरात मराठी आहे. आता घरात मराठी कावून?

राजकुमारचं स्वतःचं अर्धं बोलणं हिंदीच होतं. मराठीत सुरू केलेलं वाक्य तो कधी हिंदीत संपवायचा ते त्यालाही कळायचं नाही. भागाबाईनं भिलाईत जन्म काढला होता, आणि तिच्या मालकीची एक वेगळीच हिंदी होती. राशनच्या दुकानातले लोक त्या हिंदीला घाबरून होते. उरलं कोण, ते तिघांनाही दिसत होतं. कोणी बोललं नाही म्हणून सीमाच बोलली.

“मले हिंदी येत नाही म्हणून.”

हे चौथं उत्तर झालं. पद्धतीप्रमाणे पाचवं विचारायला हवं होतं, हिंदी कावून येत नाही? राजकुमारनं ते विचारलं नाही. झाकण बसवायची जागा चौथ्यालाच सापडली होती, आणि पाचवं विचारलं तर ते बायकोच्या तोंडावर बसेल एवढी माणुसकी त्याच्यात होती. म्हणून त्यानं नुसता निर्णय सांगितला. आजपासून घरात हिंदी. पोरीनं हिंदीत मागितलं तर द्यायचं. मराठीत मागितलं तर ऐकलंच नाही असं करायचं. दोन दिवस त्रास होईल, मग गाडी रुळावर येईल.

भागाबाई म्हणाली, “अन् पानी त दोन्हीकडं पानीच हाय न रे. अर्धं त ते आत्ताच हिंदीत मांगून राहिली.”

राजकुमार म्हणाला, पूर्ण वाक्य पाहिजे.

सीमा विरोध करेल असं भागाबाईला वाटलं होतं. सीमानं केला नाही. बाहेरच्याला हे समजायचं नाही. वांगं तिनं चिरलं होतं. मोबाईलही कधी कधी तिनंच दिला होता. आणि आता भाषाही तिचीच निघाली. पण वांगं परत जोडता येत नाही, तोंड बंद करता येतं. दोष आपला असावा असं तिला मनातून वाटायला लागलं होतं. आपला असला तर तो आपल्याला काढता येईल. दुसऱ्या कोणाचा असला, किंवा कोणाचाच नसला, तर मग काय करायचं? तिनं गुन्हा असा घट्ट धरला, जसा बुडणारा माणूस लाकडाचा ओंडका धरतो.

भाजीवाल्याशी भांडण्यापुरती हिंदी सीमाला होती. लेकराचे लाड करण्यापुरती नव्हती. “उन्नती, पानी चाहिए? बोलो, पानी चाहिए,” असं ती म्हणायची तेव्हा तिचा आवाज स्टेशनावर गाड्या सांगणाऱ्या बाईसारखा सपाट व्हायचा. बाकी वेळ ती गप्प राहायची. पूर्वी ती भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना पोरीशी अखंड बोलायची. पोरगी बघत नसली तरी बोलायची. आता घरात कूलरचा आवाज ऐकू येऊ लागला. भागाबाईलाही करमेना, पण तिनं ते कबूल केलं नाही. उलट, बरं झालं, घरात शांतता आली, असं बेबीताईंना जाऊन सांगितलं.

पाण्याचा पेला सीमानं फ्रिजवर ठेवला. उन्नतीला दिसेल, पण हाताला लागणार नाही, असा.

पहिल्या दुपारी उन्नती आली आणि म्हणाली, “पानी पायजे का व माय?”

सीमा भिंतीकडे बघत राहिली.

उन्नतीनं पुन्हा विचारलं. मग आवाज मोठा केला. मग ती थांबली, आणि तिनं दुसरं वाक्य काढलं, “भूक लागली का व?” त्यालाही काही झालं नाही. “झोप आली काय माह्या चिमणीले?” “बाहीर जाचं काय?” “लागलं का तुले? कुटी लागलं?” कुलूप उघडेना म्हणून माणूस जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघतो तशी ती जवळ होती नव्हती ती सगळी वाक्यं लावून बघत होती. मधेच एक असं आलं, जे सीमानं ती पाळण्यात असताना म्हटलं होतं आणि नंतर ती स्वतःही विसरून गेली होती. सीमानं पदर तोंडात कोंबला. पोरीनं आपलं मनगट चावलं. तेव्हा मात्र सीमानं पेला खाली घेतला, पण दिला तो “पानी चाहिए, बोलो, पानी चाहिए” असं म्हणतच.

राजकुमारला संध्याकाळी तिनं सांगितलं. त्याचाही चेहरा पडला होता, पण तो म्हणाला की थोडं धरून राहा. ती धरून राहिली. पोरगी रोज थोडी वाक्यं कमी लावू लागली. मग फक्त पाण्याचं उरलं. मग एक दिवस तेही आलं नाही.

“हे चांगलंच होय,” राजकुमार म्हणाला. “लाइन रिपेअर कराची असते त पहिले शटडाऊन घ्याच लागते.”

शटडाऊनमध्ये एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. मागितल्यावर देणाऱ्या घरात जो मागायचं सोडतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. जेवताना ताटाजवळ पाणी असायचं, तेवढंच ती पीत होती. तिनं मागितलं नाही म्हणजे तिला तहान नाही, असं सगळे धरून चालले होते. आणि मे महिना होता. भिलाईतला मे महिना.

राजकुमार दुपारच्या बी शिफ्टला गेलेला. भागाबाई आडवी झालेली. सीमाचा डोळा लागला, आणि उठली तेव्हा पोरगी जवळ नव्हती. ती कूलरच्या मागं होती. बाजूची जाळी तिनं ओढून काढली होती आणि टाकीत तोंड घालून पाणी पीत होती. उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून न धुतलेल्या टाकीचा तळ शेवाळानं हिरवा झाला होता. कूलर चालू होता. पाण्यात करंट उतरला नव्हता, एवढं एक देवानं केलं. सीमानं तिला ओढलं तेव्हा तिच्या ओठाला जाळीतल्या गवताची काडी चिकटली होती, आणि तिनं आईकडे पाहिलं नाही, टाकीकडेच पाहिलं.

रात्रीपर्यंत उलट्या, जुलाब आणि ताप. सकाळी ती मान टाकून पडली होती. दवाखान्यात सलाईन लावलं. सुई टोचताना तिनं आकांत केला, पण त्या आकांतात एकही शब्द नव्हता. पूर्वी ती निदान “लागलं का तुले” असं ओरडली असती. हे सीमाला तिथं, त्या लोखंडी खाटेशेजारी उभं असताना कळलं, आणि ती तिथंच फरशीवर बसली. नर्सला वाटलं उपाशी असेल. तिनं बिस्कीट आणून दिलं.

तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी पोरीकडे राऊंडला येता जाता बघितलं. ती सलाईनच्या बाटलीचं झाकण गादीवर फिरवायचा प्रयत्न करत होती. घरी सोडताना त्यांनी रायपूरच्या एका मोठ्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. लेकरांच्या वाढीच्या डॉक्टर. जुलाब बरे झालेत, त्या म्हणाल्या, पण ही तपासणी राहिली आहे, आणि उशीर करू नका.

रायपूरला भागाबाईला नेलं नाही. नंबर येईपर्यंत राजकुमारनं वेटिंगमधल्या वाकड्यातिकड्या खुर्च्या एका रेषेत लावल्या. डॉक्टरीणबाईंनी उन्नतीसोबत फरशीवर बसून बराच वेळ खेळून पाहिलं, मग दोघांना शंभर गोष्टी विचारल्या. घरात आणखी कोणी असं आहे का, ज्याला सगळं एकाच पद्धतीनं लागतं, असंही विचारलं. सीमानं नवऱ्याकडे पाहिलं आणि नाही म्हणाली.

मग त्यांनी नाव सांगितलं. ऑटिझम. स्वमग्नता असंही म्हणतात, पण त्या म्हणाल्या, मग्न वगैरे काही नाही. हिला जग आपल्यापेक्षा जास्त जोरात ऐकू येतं, म्हणून ती त्यातलं थोडं बंद करते. डोळ्यांत न बघणं, तीच तीच गोष्ट फिरवणं, रस्ता बदलला की कोसळणं, हे हट्ट नाहीत, लाडावणं नाही. हिचा मेंदू असाच घडला आहे. प्रत्येक लेकरात हे वेगळं दिसतं, म्हणून दुसऱ्याच्या लेकराशी ताडून बघू नका.

राजकुमारनं हिंदीत विचारलं, कशानं झालं?

ती वेळ पाहण्यासारखी होती. त्यानं गल्लीतली सगळी कारणं एकेक करून त्या टेबलावर ठेवली. मोबाईल? नाही. इंजेक्शन? नाही, त्यावर जगभर पुन्हा पुन्हा तपासून झालं आहे. हवा? एवढ्यावरून नाही म्हणता येत, होही म्हणता येत नाही. ग्रहण? हे त्यानं मान खाली घालून, माझी आई विचारते, असं म्हणून विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. नाही म्हणाल्या. आणि घरात दोन-तीन भाषा? त्यांनी सरळ सांगितलं, भाषेनं ऑटिझम होत नाही, आणि दोन भाषांनी अशा लेकराचं नुकसानही होत नाही. आई ज्या भाषेत मनापासून बोलते, तीच लेकराला ठेवा.

तेव्हा सीमानं त्या अख्ख्या दिवसातलं पहिलं वाक्य म्हटलं. “मेरी वजह से नहीं?”

“नहीं,” त्या म्हणाल्या. “आपकी वजह से कुछ नहीं हुआ।”

दुसरी कोणी असती तर रडून मोकळी झाली असती. सीमाचा चेहरा पांढरा पडला. निर्दोष सुटलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. गुन्हा तिच्या नावावर होता तोवर निदान एक काम तिच्या हातात होतं.

राजकुमारनं सोडलं नाही. मग कशानं, क्यों? डॉक्टरीणबाई म्हणाल्या की बरंचसं जन्माच्या आधीच ठरलेलं असतं, मेंदू घडतानाच. आईबापाकडून आलेल्या आणि कधी नव्यानंच बदललेल्या कितीतरी जनुकांचा त्यात मिळून वाटा असतो. लेकरू फार लवकर जन्माला आलं, आईबापाचं वय जास्त असलं, तर शक्यता थोडी वाढते. पण तुमच्या उन्नतीत नेमकं काय झालं, यावर बोट ठेवून मी सांगू शकत नाही. बहुतेक आईबापांना नाही सांगता येत.

“तो फिर ठीक क्या करना है?” त्यानं विचारलं. हा त्याचा आवाज मिलमधल्या कोणी ऐकला असता तर ओळखला नसता.

त्या म्हणाल्या, हिला ठीक करायचं नाही. हिला शिकवायचं, आणि घर हिच्यासारखं करायचं. त्यांनी थेरपीचे दिवस सांगितले. मग विचारलं, ही आधी काही बोलायची?

सीमानं सांगितलं. मोडक्या हिंदीत सुरू केलं, ते जमेना, तर वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, पोरगी म्हणायची त्या हेलात. राजकुमारनं मधे सांगितलं की ते पोपटासारखं होतं, म्हणून आम्ही बंद केलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, पोपटाला तहान लागली म्हणून तो बोलत नाही. ही तहान लागली की बोलत होती. अशी कितीतरी लेकरं एकेक शब्द न घेता पूर्ण वाक्य उचलतात, ते ज्या प्रसंगाला ऐकलं त्याच्यासकट. तिला पाणी पाहिजे हे सांगायला तिच्या आईचं वाक्य सापडलं होतं. ती मागत होती.

ते बोलणं परत येईल का, हे दोघांपैकी कोणी विचारलं ते आठवत नाही. दोघांनीही विचारलं असेल. त्या म्हणाल्या, काहींचं येतं. मी शब्द देऊ शकत नाही.

परतीच्या दुर्गच्या गाडीत बसायला जागा मिळाली. उन्नती खिडकीच्या गजावर जीभ लावून बसली होती, आणि कोणीही तिला हटकलं नाही. कुम्हारी स्टेशन गेल्यावर राजकुमार म्हणाला, “सीमा, मंग कावून झालं असन?”

सीमा म्हणाली, “मले नोका विचारू.”

“कोनाले विचारू?”

त्याच्या पद्धतीत विचारायला माणूस उरला नाही अशी वेळ कधी आलीच नव्हती.

घरी आल्यावर त्यानं हातपाय धुतले आणि नवा निर्णय सांगितला. आता घरात फक्त मराठी. चूक उलटी फिरवायची. भागाबाईनं विचारलं की ग्रहणाचं काय म्हणाली डॉक्टरीण, आणि उत्तर ऐकल्यावर म्हणाली, “तिले काय माहीत, ते रायपूरची.” तरी त्या दिवसापासून तिनं वांग्याचा विषय काढला नाही. बेबीताईंनी काढला तेव्हा ती म्हणाली की वांगं मीच आणलं होतं, आणि पोळीचं पीठ मळायचं आहे म्हणून उठून आली.

राजकुमार शिफ्ट सुटली की सरळ घरी येई, उन्नतीसमोर उकिडवा बसे, हातात पाण्याचा पेला धरी. “पानी पायजे का व माय?” तो म्हणे. त्याची मराठी गंजलेली होती आणि हेल सीमाचा नव्हता. तो खराब कॅसेटसारखा वाजे. पुन्हा म्हणे. पोरगी पेल्याकडे बघायची, त्याच्याकडे नाही. तो पेला थोडा मागं घ्यायचा, अजून एकदा म्हणायचा. म्हण माय, म्हण न, तुहंच वाक्य होय हे. कपाळावरचा घाम पेल्यात पडायचा. सुट्टीच्या दिवशी तो सकाळपासून बसायचा. त्याच्यासारखा चिकाटीचा माणूस मिलमध्ये नव्हता. त्यानं जळती बेअरिंग सोडली नव्हती, तर पोरीचं वाक्य कसं सोडील?

सीमानं हे काही दिवस पाहिलं. एका दुपारी तो असाच बसला असताना उन्नतीनं मनगट तोंडाकडे नेलं. सीमा कणीक मळत होती. कणकेच्या हातानंच तिनं येऊन त्याच्या हातातला पेला घेतला आणि पोरीच्या तोंडाला लावला. पोरगी प्याली. गटागट, नाकात जाईपर्यंत.

“अवं, पन मंग ते बोलन कशी?” राजकुमार म्हणाला.

“नाही बोलली त नाही बोलली.”

“डॉक्टरीणनं म्हटलं ना, काहींचं येते...”

“मांगल्याशिवाय द्या तिले,” सीमा म्हणाली. “अगोदर तुमी हिंदीसाठी तहानलेली ठेवली, मी ठेवली. आता मराठीसाठी ठेवून राहिलो. मराठी माही होय म्हनून मले बरं वाटन असं वाटते काय तुमाले?”

तो उकिडवाच राहिला. त्याला वाटत होतं की आपण काही करायचं थांबलो तर पोरीला टाकून दिल्यासारखं होईल. हे तो बोलला नाही, पण सीमाला ते माहीत होतं, कारण तिलाही तसंच वाटायचं. तिनं फक्त पाणी आधी दिलं.

शाळेनं जूनमध्ये नाव काढलं. मॅडमचं बोलणं तेव्हाही गोड होतं. आठवड्यातून एक दिवस रायपूरला थेरपीला न्यायचं ठरलं, आणि राजकुमारनं तो दिवस सुटतो अशी शिफ्ट मागून घेतली. हिरालालनं विचारलं की सापडलं का कारण, तर राजकुमार म्हणाला की नाही सापडलं. हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकून हिरालाललाच अवघडल्यासारखं झालं आणि तो चहा सांगायला गेला.

आता घरात पेला खाली असतो, हाताला लागेल असा. उन्नती स्वतः घेते, सांडते, पिते, आणि झाकणाकडे जाते. मागायची तिला गरज उरली नाही. म्हणजे ते वाक्य यायचा एक रस्ता सीमानं आपल्याच हातानं बंद केला, हेही तिला समजतं.

ती पुन्हा बोलू लागली आहे. पालकाची जुडी सोडताना, चादर झटकताना, पोरीचे केस विंचरताना. आज ऊन किती हाय व माय. पाह्य, चिमणी आली, काडी घेऊन गेली. तुह्या बापाचा शर्ट किती मळला, पाह्य. पोरगी बघत नाही. सीमा दोन वाक्यांच्या मधे जागा सोडत नाही. रायपूरच्या थेरपीवाल्या पोरीनं तिला सांगितलं होतं की बोलून झालं की थोडं थांबा, तिला वेळ द्या. सीमानं मान डोलावली होती. पण तिला थांबता येत नाही. थांबलं की त्या जागेत पोरीचं वाक्य येत नाही, हे ऐकू येतं, आणि त्याच्यापुढं ती अजून उभी राहू शकत नाही, म्हणून ती एक संपायच्या आत दुसरं सुरू करते.